चौऱ्याहत्तर रुपये आणि 'टास्क्स.ऑर्ग' : काही महिने वापरल्यानंतर

पीपीएफचे, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे पैसे पाच तारखेच्या आत भरायचे, हे दर महिन्याला भरणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतात. सहा तारखेला भरलेले साडेबारा हजार त्या महिन्यात नुसते बसून राहतात. 2020 पासून चालत आलेल्या 7.1 टक्क्यांनी हिशोब केला, तर 74 रुपये होतात. माझे ते 74 रुपये कामांची यादी ठेवून आठवण करणाऱ्या एका टू-डू अॅपमुळे बुडाले, आणि त्या अॅपला मी वर्षाची वर्गणी भरत होतो.

नाव घेत नाही. दर महिन्याच्या 2 तारखेला पीपीएफ, असं काम त्यात लावलेलं होतं आणि बराच काळ सुरळीत चाललं होतं. मग एका अपडेटमध्ये त्यांनी गुपचूप मोजणी बदलली. पुढची तारीख आता ठरलेल्या तारखेवरून नाही, तर आपण टिक केली त्या दिवसावरून धरायची. बँकेचं सर्व्हर डाऊन म्हणून एकदा 3 ला भरले, तर पुढच्या महिन्याचं काम 3 ला आलं. मग 4, मग 5. आणि एका महिन्यात 5 ला रात्री झोपताना आठवण दिसली, पैसे 6 ला सकाळी गेले. महिन्याला एकेक दिवस सरकत होता, त्यामुळे यादी बघून काही वावगं वाटायचंच नाही.

तक्रार केली. उत्तर आलं की ही त्रुटी नाही, रचनाच तशी आहे. मी लिहिलं, असू दे, पण निदान दोन्ही पर्याय तरी ठेवा. त्यावर 'आपली सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे'. पुन्हा लिहिलं, तर तोच मजकूर परत, फक्त खाली सही करणाऱ्याचं नाव वेगळं. या भांडणाच्या ऐन भरात वर्गणी कापली जाणार असल्याचा मेसेज आला. ऑटो-पेच्या आधी 24 तास कळवण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने केली आहे म्हणून तो आला, एरवी तोही आला नसता. वर्गणीची तारीख मात्र गेल्या वर्षीचीच, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. तिथे त्यांना ठरलेल्या तारखेवरून मोजता येतं! मी मँडेटच, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगीच, रद्द करून टाकलं.

त्यानंतर टास्क्स.ऑर्ग हे टू-डू अॅप घेतलं. ओपन सोर्स आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात अॅस्ट्रिड नावाचं अॅप होतं, ते 2013 मध्ये याहूने विकत घेतलं आणि त्याच वर्षी बंद केलं. त्याचा कोड खुला होता, त्यातून हे उभं राहिलं. मी एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स अॅपच्या भांडारातून फुकट उतरवलं. दिसायला साधं, जरा रुक्षच. पहिले काही दिवस मला ते अजिबात आवडलं नव्हतं. अॅस्ट्रिडच्या वारशातून आलेली 'अधूनमधून कधीही आठवण कर' अशी एक सोय त्यात आहे. तिचा उपयोग नक्की कुणाला होतो देव जाणे, मी ती आधी बंद केली. वाजत राहणारा अलार्म मात्र चांगला आहे. आपण हात लावेपर्यंत थांबत नाही. पीपीएफला तोच लावला आहे.

पण हे अॅप ठेवलं ते एका बारक्या ओळीसाठी. कामाला पुनरावृत्ती लावली की खाली विचारतं, पुढची तारीख कशावरून धरू, ठरलेल्या तारखेवरून की काम पूर्ण केल्याच्या तारखेवरून? प्रत्येक कामाला वेगळं उत्तर देता येतं. बास, एवढंच मला हवं होतं. बाकी स्क्रीनचे रंग, विजेट, सिंक वगैरेवर लोक भरभरून लिहितात, त्यात मला काडीचा रस नाही.

सुरुवातीला रागाच्या भरात मी झाडून सगळी कामं 'ठरलेल्या तारखेवरून' अशी लावली. लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, गाडीचा विमा, 15 जून-15 सप्टेंबरचा आगाऊ कर, सगळं ठीक चाललं. पण हे मत उन्हाळ्यात थोडं बदलावं लागलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीमुळे.

बॅटरी ट्यूब्युलर आहे. वर सहा झाकणं आणि प्रत्येक झाकणात पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी. पाणी पुरेसं असलं की काडीचा हिरवा भाग वर दिसतो, कमी झालं की काडी खाली जाते आणि लाल पट्टा येतो. डिस्टिल्ड वॉटर घालताना एकेक झाकण उघडायचं, नरसाळं धरायचं आणि काडी वर येताना बघत थांबायचं. लाइट जास्त गेली, उकाडा वाढला की पाणी लवकर आटतं. हे काम दर दोन महिन्यांनी 10 तारखेला, असं लावलं होतं. एकदा गावी गेल्यामुळे तीन आठवडे उशिरा पाणी घातलं, तर पुढची आठवण महिना-सव्वा महिन्यातच आली. झाकणं उघडून बघितली, सगळ्या काड्या हिरव्या. बॅटरीला माझ्या 10 तारखेशी काय घेणंदेणं? तिला शेवटचं पाणी कधी मिळालं एवढंच महत्त्वाचं. आरओचा फिल्टर, एसीची जाळी, कुंड्यांना खत, दाढीचं ब्लेडसुद्धा, सगळी याच जातीतली. म्हणजे जुन्या अॅपची मोजणी मुळात चूक नव्हती. ती पीपीएफवर लादली आणि न विचारता लादली, हा गुन्हा.

आईकडे ही विभागणी कधीपासूनची आहे. कालनिर्णयवर छापलेलं आहे ते ठरलेलं. आणि सिलिंडर बदलला की त्या चौकोनात ती पेन्सिलने 'गॅस लावला' लिहिते. 14.2 किलो किती दिवस पुरले, हे ती तिथूनच मोजते. मी अॅपची ही कौतुकाची ओळ तिला दाखवली. "मग यात नवीन काय आहे रे?" म्हणाली. उत्तर नव्हतं.

इतर अॅपमध्येही हे जमतं, हे नंतर शोधताना कळलं. टोडोइस्टमध्ये इंग्रजी 'एव्हरी'पुढे उद्गारचिन्ह टाकलं की मोजणी पूर्ण केल्याच्या दिवसापासून होते. आता हे आपणहून कुणाला सुचणार? सगळ्यात खोलात गेलेत ते ऑर्ग-मोडवाले, म्हणजे ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्येच कामांची यादी ठेवणारे. त्यांच्याकडे दोन नव्हे, तीन प्रकार आहेत. तिसऱ्यात वार किंवा तारीख तीच राहते, पण बुडलेल्या खेपा सोडून काम थेट पुढच्या येणाऱ्या तारखेवर जातं. त्यांच्या माहितीपुस्तिकेत घरभाड्याला साधा पहिला प्रकार लावलेला आहे, कारण तीन महिन्यांचं भाडं थकलं तर तिन्ही भरावी लागतात, सोडून कशी देणार? आणि पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजण्यासाठी त्यांनी उदाहरण घेतलंय धूरसूचक यंत्राच्या बॅटरीचं. जगभर बॅटरीवाल्यांचा त्रास एकच दिसतो.

महिनाअखेरच्या कामांसाठी एक सूचना. दुधाचा हिशोब 'दर महिन्याच्या 31 ला' असा कुठल्याही अॅपमध्ये लावू नका. कॅलेंडरच्या देवाणघेवाणीचं जे मानक बहुतेक ठिकाणी वापरतात, त्या आरएफसी 5545 प्रमाणे नसलेली तारीख वगळली जाते. म्हणजे वर्षातून सातच वेळा दूधवाल्याला पैसे. काही अॅप 30 किंवा 28 वर आणून ठेवतात, पण त्या भरवशावर राहू नये. 'शेवटचा दिवस' असा पर्याय असेल तर तो घ्या, नाहीतर सरळ 1 तारीख लावा.

जिथे अजून हात टेकलेत ते म्हणजे तिथी. बाबांचं वर्षश्राद्ध, संकष्टी, गणपतीआधीची घराची साफसफाई, यातलं काहीच 'दरवर्षी' या पर्यायात बसत नाही. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये 17 मेपासून अधिक ज्येष्ठ, म्हणून चतुर्थी थेट 14 सप्टेंबरला. अॅप बिचारं ऑगस्टमध्येच पंखे पुसायला लावणार. इंग्रजीखेरीज इतर कालगणनांसाठी 2015 मध्ये आरएफसी 7529 हे मानक निघालं, चिनी आणि हिब्रू वर्षांची सोय त्यात होते. आपलं सरकारी राष्ट्रीय पंचांगही संगणकाला कळतं, पण ते पडलं सौर, तिथीसाठी त्याचा काही उपयोग नाही.

तूर्त तिथ्यांसाठी मी एकच आवर्ती काम लावून ठेवलं आहे, दरवर्षी 20 डिसेंबर, ठरलेल्या तारखेवरून: 'नवीन कालनिर्णय आणणे, आईसोबत बसून वर्षाच्या तिथ्या अॅपमध्ये उतरवणे.' त्यालाही वाजत राहणारा अलार्म आहे.