प्रो-फुटबॉल-रेफरन्सवर लाइनमन किती सापडतो?

अमेरिकन फुटबॉलमधला ऑफेन्सिव्ह लाइनमन आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करतो. चेंडू त्याच्या हाती येत नाही, त्यामुळे नावावर आकडेही फारसे लागत नाहीत. म्हणून या खेळाची आकडेवारी देणाऱ्या प्रो-फुटबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाचा कस त्याच्याच पानावर लागतो. क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचा लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा लाइनमन, जो थॉमस याचं पान उघडून बघा.

वरच्या भागात उंची, वजन, विस्कॉन्सिन विद्यापीठ, २००७ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) तिसरा क्रमांक आणि २०२३ चा हॉल ऑफ फेम प्रवेश मिळतो. खालच्या तक्त्यात ‘जी’ म्हणजे खेळलेले सामने आणि ‘जीएस’ म्हणजे सुरुवातीपासून उतरलेले सामने. थॉमसचे दोन्ही आकडे १६७. वर्षापुढची चांदणी म्हणजे प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, अधिकचं चिन्ह म्हणजे ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात स्थान. २००७ ते २०१६ अशा सलग दहा वर्षांना चांदणी आहे. लाइनमनची पारख करताना आधी हेच रकाने बघावेत.

‘एव्ही’ (खेळाडूच्या हंगामातल्या योगदानाचा अंदाजे आकडा) या रकान्यापाशी मात्र सावध राहा. त्यात संघाच्या आक्रमणाला प्रत्येक ड्राइव्हमागे, म्हणजे चेंडू ताब्यात असतानाच्या एका चढाईमागे, मिळालेल्या गुणांवरून एक ठेव ठरते, तिचे ५/११ लाइनला जातात आणि सामने, सुरुवाती व सन्मान पाहून खेळाडूंत वाटले जातात. ठेवच लहान असेल तर उत्तम टॅकलच्या वाट्यालाही कमी येतं. ब्राउन्स २०१६ मध्ये १५ सामने हरले. अशा संघातल्या थॉमसचा एव्ही बलाढ्य संघातल्या टॅकलशी ताडून पाहणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्याचा खरा पराक्रम म्हणजे सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे चेंडू खेळात आल्यावरच्या एकेका चालीत मैदानावर असणं. ऑक्टोबर २०१७ मध्ये टेनेसी टायटन्सविरुद्ध दंडाचा ट्रायसेप्स फाटला तेव्हा ही साखळी तुटली. इथल्या स्नॅपच्या नोंदी २०१२ पासूनच्या आहेत, त्यामुळे पहिली पाच वर्षं त्यात नाहीत.

कॉलेजची बाजू सर्वांत दुबळी. कॉलेजमधल्या सर्वोत्तम लाइनमनला मिळणारी २००६ ची आउटलँड ट्रॉफी दिसते, पण त्याच वर्षी जानेवारीत, कॅपिटल वन बोलमध्ये ऑबर्नविरुद्ध बचावफळीत उतरून त्याने गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाडून घेतला होता, हे तक्त्यांतून कळत नाही. त्यासाठी त्या वेळची वृत्तपत्रंच चाळावी लागतात. त्या दुखापतीतून उठून पुढच्याच हंगामात आउटलँड मिळवणं केवढं मोठं, ते नुसत्या ट्रॉफीच्या ओळीवरून कसं उमगणार?

बचावफळीतल्या लाइनमनसाठी मात्र इथलं काम मोलाचं आहे. सॅक म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं. एनएफएल ही व्यावसायिक लीग १९८२ पासूनचेच सॅक अधिकृत धरते. या संकेतस्थळाने २०२१ मध्ये १९६० पर्यंत मागे जाऊन, जुने सामने तपासणाऱ्या संशोधकांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यामुळे डीकन जोन्सचे १७३.५ सॅक आणि बबा बेकरचे १९७८ च्या पदार्पणातले २३ सॅक त्यांच्या पानांवर आले.

एका खेळाडूचं पान फुकट वाचता येतं आणि तक्ता सीएसव्ही फाइलमध्ये उतरवता येतो. अनेक खेळाडूंत अटी लावून शोधायचं असेल तरच स्टॅटहेड या शोधसेवेची वर्गणी भरा. टॅकलने किती सॅक होऊ दिले, हे मात्र इथे शोधू नका. लीग ती अधिकृत नोंदच ठेवत नाही.