टिळकवाडीतील लसीकरण केंद्र: फ्लूच्या लशीसाठी जावे का?

फ्लूची लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नसल्यामुळे ती बहुतेकांना पदरचे पैसे मोजून खासगी दवाखान्यातच टोचून घ्यावी लागते, आणि पैसे मोजायचेच असतील तर दवाखाना पारखून घेतलेला बरा. आमच्या वडिलांची सत्तरी उलटली आहे. मधुमेह आहे, दमाही जुना आहे. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, त्यांना बेळगावच्या टिळकवाडीतील एका छोट्या लसीकरण केंद्रात नेले. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो आणि लशीचा परिणाम दिसू लागण्यास साधारण दोन आठवडे जातात, हे पाहता ही वेळ योग्यच होती.

या केंद्राची सर्वांत जमेची बाजू म्हणजे तेथील फ्रीज. ही लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती तापली तर निकामी होतेच, पण गोठली तरी वाया जाते. वळवाच्या पावसात बेळगावात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून मी साठवणुकीविषयी मुद्दाम विचारले. सिस्टरांनी कपाळाला आठी न घालता फ्रीज उघडून दाखवला. आत लशींखेरीज काहीही नव्हते, दाराच्या कप्प्यात एकही खोके नव्हते, आणि शेजारच्या वहीत सकाळ-संध्याकाळचे तापमान निळ्या शाईने नोंदलेले होते. इन्व्हर्टरची जोडणीही होती. दुधाच्या पिशव्यांना टेकवून ठेवलेल्या लशी मी अन्यत्र पाहिल्या आहेत, त्यामुळे ही शिस्त मला मोलाची वाटली.

नाराजी आहे ती पैसे घेण्याच्या खिडकीवर. ‘काका, चारवाली घ्या, तीनवालीपेक्षा भारी आहे,’ असे सांगून तेथे महागडी लस पुढे केली जाते. चारवाली म्हणजे फ्लूच्या चार प्रकारच्या विषाणूंसाठीची लस, तीनवाली म्हणजे तीन प्रकारांसाठीची. वस्तुस्थिती अशी की, चारवालीतील चौथा घटक ज्या बी-यामागाता विषाणूसाठी असतो, तो मार्च 2020 नंतर जगात खात्रीने आढळलेला नाही, आणि सप्टेंबर 2023 पासून जागतिक आरोग्य संघटनेनेही तो घटक आवश्यक नसल्याचे म्हटले आहे. चारवाली घेतल्याने अपाय नाही. पण तेवढ्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारणही नाही. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी हे सरळ मान्य केले आणि तीनवाली लस देण्यास सांगितले. खिडकीवरच्या माणसाला एवढी माहिती देणे त्यांना अवघड नव्हते.

दुसरी गोष्ट खोक्यावरील मजकुराची. फ्लूचे विषाणू सतत रूप बदलत असल्याने लशीचे घटक वर्षातून दोनदा ठरवले जातात, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये. उन्हाळ्याअखेरीस लस घेताना खोक्यावर दक्षिण गोलार्धाचा चालू हंगाम लिहिलेला असेल, तर ती लस अलीकडची समजावी. सिस्टरांनी हा मजकूर, मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक टोचण्यापूर्वीच वाचून दाखवला व कार्डावरही उतरवून दिला.

टोचणे क्षणात आटोपले. त्यानंतर थोडा वेळ तेथेच थांबायला सांगतात, ते योग्यच आहे; मात्र थांबायचे त्याच बाकांवर, जेथे खोकणारे रुग्णही बसलेले असतात, आणि श्वासाचा विकार असलेल्या वृद्धांसाठी ही व्यवस्था अगदीच गैरसोयीची आहे. संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही. सिस्टरांनी ते ‘बाबा, इथं सही करा’ एवढ्यावर न उरकता ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगितले, हे त्यांचे सौजन्य. पण शहापूर-वडगावहून येणाऱ्या वृद्धांसाठी मराठी छापील प्रत ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही.

वडिलांचा दंड दुसऱ्या दिवशी दुखला, किंचित कणकण आली आणि औषधाविना गेली. या लशीने फ्लू होतच नाही असे नाही. लस विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षीही संरक्षण साधारण 40 ते 60 टक्के असते. त्यांच्या वयात आणि त्यांच्या दम्यात दवाखान्यात भरती होण्याची वेळ टळण्याची शक्यता वाढते, एवढ्यासाठीही मला हा खर्च पटतो. पुढील वर्षी मी त्यांना येथेच आणेन. खानापूर किंवा चंदगडकडून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी फोन करून लस शिल्लक आहे का आणि ती कोणत्या हंगामाची आहे, हे विचारून घ्यावे. फोनवर मराठीत बोलतात.