टॉर्चचे कॉन्टॅक्ट साफ करायला काय घ्यायचं, आयपीए की कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे?

जूनमध्ये माहुली नाहीतर पेबच्या ट्रेकचे प्लॅन ठरायला लागले की ठाण्यात एक तक्रार हमखास ऐकू येते, टॉर्च फडफडतो, मधेच बंद पडतो, तळहातावर आपटला की परत लागतो, आणि मग माणूस सरळ नवीन टॉर्च घ्यायला निघतो. १८६५० सेलवाला (चार्ज होणारा लिथियम सेल) बरा अॅल्युमिनियमचा टॉर्च असेल तर प्लीज घाई करू नका, कारण असं होतं तेव्हा बऱ्याचदा एलईडी पण ठीक असतो आणि सेल पण, फक्त कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट जातो त्या धातूला धातू टेकणाऱ्या जागा, मळलेले असतात.

मळ दिसायला किरकोळ असतो पण हिशोब बघा. सेल फुल असताना ४.२ व्होल्ट आणि नंतर बराच वेळ ३.६-३.७ च्या आसपास देतो, पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट तरी लागतातच. टॉर्च ३ अँपिअर ओढत असेल आणि मळामुळे वाटेत नुसता ०.१ ओहम वाढला तरी ०.३ व्होल्ट तिथेच गेले, वर जवळपास १ वॅट उष्णता त्याच जागी, म्हणजे स्प्रिंग आणि स्विच तापणार. म्हणून उजेड कमी पडतो आणि टर्बो, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाचा मोड, टिकत नाही.

आता काय घ्यायचं. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्क्यांचं मिळतं, मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं. इअरबडवर घ्यायचं, स्प्रिंगचं टोक, ड्रायव्हरचा (एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटचा) मधला पॉइंट आणि नळीच्या दोन्ही कडा पुसायच्या. कडा लोक हमखास विसरतात! आट्यांवर बऱ्याच टॉर्चना अॅनोडायझिंग, म्हणजे अॅल्युमिनियमवरचा कडक संरक्षक थर, असतं आणि त्यातून करंट जात नाही, करंट जातो तो नळीच्या शेवटच्या उघड्या चकचकीत कडेतून, त्यामुळे आटे कितीही घासले तरी कड काळी असेल तर काही उपयोग नाही. पुसल्यावर बड काळा-करडा निघतो, तो पांढरा निघेपर्यंत बड बदलत राहायचे.

सगळे ९९ टक्केच घ्या म्हणतात, पण खाडीकाठी राहणाऱ्यांना, म्हणजे वाशी, ऐरोली, कळवा वगैरे, मी आधी ७० टक्केवालं सांगेन. खारी हवा आणि घाम यातलं मीठ निव्वळ अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही, ते पाण्यात जातं, आणि ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं पाणीच असतं. मीठ आणि ओल एकत्र राहिली की जिथे अॅल्युमिनियमला पितळ नाहीतर तांबं टेकतं तिथे अॅल्युमिनियम खायला सुरुवात होते आणि पांढरी भुकटी धरते. फक्त पाणी जास्त म्हणून सुकायला जास्त वेळ द्या. सॅनिटायझर मात्र नको, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, ते चिकट थर ठेवून जातं.

स्प्रेची खरी ताकद त्याच्या नळीत आणि प्रेशरमध्ये आहे. टेलकॅपच्या, म्हणजे मागच्या झाकणाच्या, स्विचच्या आत बड जात नाही, तिथे दोन फवारे मारायचे, बटण पाच-पंचवीस वेळा दाबायचं, सुकू द्यायचं, त्या कामाला आयपीए या स्प्रेच्या जवळपासही येत नाही. पण नुसत्या कडा आणि स्प्रिंगसाठी स्प्रे घेणं म्हणजे पैसे उडवणं, अर्धा फवारा हवेतच जातो. कॅनवर रेसिड्यू राहत नाही आणि प्लॅस्टिकला चालतो असं लिहिलंय का ते बघून घ्या, काही सॉल्व्हंट प्लॅस्टिकच्या लेन्सला तडे पाडतात. घरातला साधा डब्ल्यूडी-४० याच्या जागी वापरू नका, तो तेलाचा थर सोडतो आणि त्यावर धूळ बसते.

आयपीए काय आणि साधा स्प्रे काय, दोघं तेल-मळ काढतात, ऑक्साइड, म्हणजे हवेने धातूवर चढलेला थर, नाही. कड पुसूनही मंद राखाडी दिसत असेल तर खोडरबर घासा, त्यानेही नाही झालं तर २००० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका, तोही फक्त उघड्या अॅल्युमिनियमवर. सोनेरी मुलामा दिलेल्या स्प्रिंगला पेपर लावायचा नाही म्हणजे नाही, तो थर इतका पातळ असतो की एकदा गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत पटकन काळा पडतो.

पेन्सिल सेलवाल्या टॉर्चमध्ये सेल गळला असेल तर गोष्ट वेगळी. सेलवर अल्कलाइन लिहिलं असेल तर बडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबू, साधा झिंक-कार्बन सेल असेल तर गळती आम्लाची असते म्हणून तिथे खायच्या सोड्याचं पाणी. दोन्हीनंतर पाण्याचा ओला बड फिरवून मगच आयपीए.

काहीही वापरा, आधी सेल बाहेर काढा, त्याचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलंय का बघा, आणि गॅसजवळ हे काम नको कारण आयपीएची वाफ पेटते. सेल परत घालायच्या आधी सगळं पूर्ण सुकलं पाहिजे.

मला विचाराल तर बहुतेकांना आयपीएची छोटी बाटली आणि सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब पुरे. ग्रीस आटे आणि काळ्या ओ-रिंगवर, तांदळाच्या दाण्याएवढं. कडेवर नाही, ते करंट नेत नाही. थोडंसं चुकून लागलं तर काळजी नको, आवळल्यावर दाबाने धातूला धातू लागतोच.

स्प्रे घ्यायचा का हे ठरवायला एक टेस्ट करा. टेलकॅप काढा, सेल आतच ठेवून जाडसर वायरच्या एका टोकाने सेलचं मागचं निगेटिव्ह आणि दुसऱ्याने नळीची उघडी कड जोडा. टॉर्च नेहमीपेक्षा झगझगीत लागला तर दोष टेलकॅपमध्ये आहे. मग टेलकॅपची स्प्रिंग आणि तिला टेकणारी कड आयपीएने पुसून बघा, तरी फरक पडला नाही तर स्विचवर संशय घ्या, स्प्रेचे पैसे तेव्हाच घाला. वायर लावूनही तसाच मिणमिणला तर पुढची बाजू पुसा आणि दुसरा चार्ज केलेला सेल घालून बघा.