‘द म्युझिक ऑफ स्ट्रेंजर्स’ : वादक मन मोकळे करतात, वाद्यांचे काय?

मॉर्गन नेव्हिल यांनी दिग्दर्शित केलेला ‘द म्युझिक ऑफ स्ट्रेंजर्स’ हा सुमारे दीड तासाचा माहितीपट २०१५ साली आला. चेलोवादक यो-यो मा यांनी १९९८ साली सिल्क रोड प्रकल्प सुरू केला आणि २००० साली अमेरिकेतील टँगलवूड येथे निरनिराळ्या देशांतील वादक व संगीतकार एकत्र आणले. त्यातून जो वाद्यवृंद उभा राहिला, त्याची ही कहाणी आहे. मात्र चित्रपटाचा कणा आहे तो पाच वादकांशी झालेला संवाद. आपल्या परंपरेत मुरलेला कलावंत दुसऱ्याच्या परंपरेशी हातमिळवणी करायला का निघतो, याचे इतके प्रांजळ उत्तर फार क्वचित ऐकायला मिळते, आणि म्हणूनच वाद्यसंगीताची आवड असलेल्या प्रत्येकाने हा चित्रपट पाहावा असे मी आग्रहाने म्हणेन.

यो-यो मा यांचा भाग मोजकाच असला तरी महत्त्वाचा आहे. १९६२ साली, अवघ्या सात वर्षांचे असताना, त्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासमोर वादन केले. त्या कार्यक्रमाचे जुने चित्रण येथे पाहायला मिळते. इतक्या लहान वयात कीर्ती वाट्याला आलेला माणूस, संगीत आपण जाणूनबुजून निवडलेच नाही, त्यात ओढले गेलो, असे जेव्हा सांगतो, तेव्हा पुढचा सारा उद्योग वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. अनोळखी वाद्यांच्या सहवासात जाणे ही त्यांची स्वतःच्या निवडीने केलेली पहिली मोठी गोष्ट असावी, असे मला हा भाग पाहताना सतत वाटत राहिले.

चित्रपटाची खरी उंची मात्र कैहान कल्होर यांच्या भागात आहे. तेहरानमध्ये जन्मलेले, कुर्दी कुटुंबातले हे वादक कमांचे वाजवतात. खालच्या टोकाच्या खुंटावर उभे धरायचे आणि गजाने वाजवायचे हे वाद्य पाहिले की आपल्याला सारंगीची आठवण होणे स्वाभाविक आहे. किशोरवयातच त्यांनी देश सोडला आणि पुढे इराण-इराक युद्धाने त्यांच्या घरातली माणसे हिरावून नेली. हे सारे सांगताना ते आवाज चढवत नाहीत आणि दिग्दर्शकही त्यांच्या बोलण्यात घाई करत नाही. भारतीय श्रोत्यांना त्यांची ओळख सतारवादक शुजात खान यांच्याबरोबरच्या ‘गझल’ या संचामुळे आधीपासून असेल. फारसी दस्तगाह (तिकडची रागांसारखी स्वरव्यवस्था) आणि हिंदुस्थानी राग यांतले नातेसंबंध त्या दोघांनी ज्या सबुरीने उलगडले, ते ऐकलेल्या माणसाला येथे कल्होरांच्या बोलण्यातही तीच सबुरी जाणवेल.

सीरियाचे क्लॅरिनेटवादक किनान आझमेह यांचा प्रश्न आणखी बोचरा आहे. देशात रक्तपात सुरू असताना सुरांनी गोळी थांबत नाही आणि भुकेल्याचे पोट भरत नाही, मग वाजवायचे तरी कशासाठी, असे ते विचारतात. त्या काळात त्यांच्याकडून नवे काही लिहून होईना. जॉर्डनमधील निर्वासितांच्या छावणीत ते मुलांना शिकवतात, ती दृश्ये या प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडलेली नाहीत, हे मला दिग्दर्शकाच्या जाणकारीचे लक्षण वाटते. पिपा हे चिनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या वू मान आणि स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातील, गैता म्हणजे तिकडची बॅगपाइप वाजवणाऱ्या क्रिस्टिना पातो यांचे भाग त्या मानाने हलके आहेत. वू मान ग्रामीण छायाबाहुल्यांच्या खेळातील वादकांना भेटतात, तो प्रसंग अजून बराच वेळ चालायला हवा होता.

आता माझी मुख्य तक्रार. हे वादक का वाजवतात, याविषयी चित्रपट भरभरून बोलतो; ते एकत्र कसे वाजवतात, याविषयी तो जवळजवळ काहीच विचारत नाही. पिपाला स्वरांच्या जागा पक्क्या करणारे पडदे असतात, कमांचेला नसतात, आणि फारसी संगीतात तर अर्धा स्वर आणि पूर्ण स्वर यांच्या मधली अंतरे नेहमीची आहेत. मग ही दोन वाद्ये एकाच स्वरावलीत आली की नमते कोण घेते? गैता ही पिशवीत हवा भरून वाजवायची, सतत एक आधारस्वर धरून ठेवणारी आणि मोठ्या आवाजाची मोहरी. तिच्याशेजारी पिपाच्या नाजूक तारा ऐकू याव्यात म्हणून रचनेत कोणती जागा मोकळी सोडावी लागते? सर्जनशीलतेची गोष्ट प्रामुख्याने याच तपशिलात घडते.

आपल्याकडच्या रसिकाला ही उणीव विशेष जाणवेल, कारण भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा ‘शक्ती’ हा संच आपण असाच ऐकत आलो आहोत. त्यातले इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी गिटारच्या पडद्यांमधले लाकूड कोरून घेतले, म्हणजे तार दाबून मींड घेता येईल, आणि सतारीच्या तरफांसारख्या, आपोआप गुंजणाऱ्या जादा ताराही बसवून घेतल्या. झाकीर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम लयीच्या दोन वेगळ्या पद्धतींतून येऊन एकमेकांना कसे समजून घेतात, हा तर चाहत्यांच्या आवडीचा विषय. सिल्क रोडच्या संचातही बनारस घराण्याचे तबलावादक संदीप दास आहेत. पाच प्रमुख वादकांत त्यांचा समावेश नाही, त्यामुळे या अंगाने विचारण्यासारखे बरेच राहून गेले आहे.

दुसरी खटकणारी बाब म्हणजे कोणतीही रचना पूर्ण ऐकू येत नाही. वादन रंगात येते न येते तोच त्यावर कुणाचे तरी निवेदन सुरू होते. अशा संगीताने परंपरा पातळ होते, हा शुद्धतावाद्यांचा आक्षेप चित्रपट उल्लेखतो खरा, पण सलग वादन ऐकवले असते तर त्याला अधिक सबळ उत्तर मिळाले असते.

तेव्हा चित्रपट पाहून झाल्यावर सिल्क रोडच्या संचाचा २०१६ सालचा ‘सिंग मी होम’ हा ध्वनिसंग्रह अवश्य ऐकावा. त्याला २०१७ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तो ऐकून झाला की, कल्होर यांनी १९८८ साली रासायनिक हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या इराकमधील कुर्दी शहर हलब्जाच्या स्मरणार्थ रचलेली आणि ब्रुकलिन रायडर या तंतुवाद्यचौकडीबरोबर ध्वनिमुद्रित केलेली ‘सायलेंट सिटी’ ही दीर्घ रचना रात्री, हेडफोन लावून, मध्ये न थांबता ऐकावी. कमांचे आणि व्हायोलिन एकमेकांना जागा कशी करून देतात, ते तिथे स्पष्ट ऐकू येते.