मागचं चाक बांधून घेतलं, पुढचं तयार आणलं

माझं वजन 92 किलो, सायकल हायब्रिड, रोजचा रस्ता सिडकोतून अंबड-सातपूर लिंक रोडने कंपनीत. रविवारी जमलं तर त्र्यंबक. मागच्या चाकाचे स्पोक एकेक करून तुटायला लागले तेव्हा दोन्ही चाकं नवी बांधून घ्यायची ठरवून जुन्या नाशकातल्या एका काकांकडे गेलो. त्यांनी सायकल उलटी केली, स्पोक चिमटीत दाबून पाहिले आणि म्हणाले, "मागचं बांधू. पुढच्याला कशाला पैसे घालता? तयार आणा, मी कसून देतो." चालून आलेलं निम्मं काम परत करणारा दुकानदार! तिथेच मला माणूस पटला.

कारणही बरोबर होतं. पुढच्या चाकावर भार कमी, आणि रिम ब्रेकच्या (ब्रेक चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर घासतो त्या) सायकलला दोन्ही बाजूंचे स्पोक सारखेच ताणलेले. मागे मात्र गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून उजवीकडचे स्पोक जवळजवळ उभे आणि कडक, डावीकडचे सैल. मशीनवर बांधलेल्या स्वस्त चाकात ताण मुळातच कमी आणि असमान असतो. सैल स्पोक दर फेऱ्याला ढिला पडतो, पुन्हा ताणला जातो, आणि एक दिवस हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी), जिथे तो वाकवलेला असतो तिथेच तुटतो. तोही खड्ड्यात नाही, चांगल्या डांबरी रस्त्यावर. दोष ताणाचा, आणि लोक जाड स्पोक शोधत फिरतात.

हबचंही ऐकून घ्या. स्वस्त तयार चाकात बहुतेक वेळा आट्यांवर बसणारं फ्रीव्हील (गिअरच्या चकत्यांचा गट्टू) येतं. त्यात उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात, ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) टोकाला आधार उरत नाही, आणि माझ्यासारखा गडी बसला की ॲक्सल वाकतो. कॅसेट हबमध्ये (चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, ज्यावर सरकवून बसवतात) छर्रे टोकाजवळ असतात. म्हणून 36 भोकांचा कॅसेट हब, डबल वॉल (दुहेरी भिंतीची) रिम, 2 मिलिमीटरचे स्टेनलेस स्पोक, पितळी निपल (स्पोक रिमला धरणारी छोटी नट), तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडतो अशी गुंफण). माझे गिअर 7 आहेत. स्पेसर (जागा भरणारी रिंग) टाकून कॅसेट बसली.

काकांकडे टेन्शन मीटर (स्पोकचा ताण मोजायचं साधन) नाही. टेबलाला ठोकलेला जुना फोर्क हाच स्टँड, आणि ताण बघायचा तो स्पोक छेडून, आवाजावर. मी पेशाने क्वालिटीवाला, त्यामुळे हे पाहून पोटात गोळा आला. पण बांधून झाल्यावर त्यांनी दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोरात दाबले, कडकड आवाज आला, मग पुन्हा आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढला. ही पायरी घाईत असलेला कारागीर हमखास गाळतो. घरी डायल (वाकडेपणा मोजायचा काटा) लावला: बाजूचा आऊट अर्ध्या मिलिमीटरच्या आत. अख्खा पावसाळा गेला, निपलला चावी लावावी लागली नाही.

खर्च? मागचं चाक हब-मजुरीसकट साडेचार हजारांच्या आत. तयार मागचं चाक याच्या निम्म्यात मिळतं, हे खरं. पण रिम ब्रेकने घासून गेली की माझी फक्त रिम बदलेल, हब तोच. कमी स्पोकची देखणी इम्पोर्टेड जोडी मागितली तर बारा हजारांच्या पुढे, आणि त्यातला एक स्पोक तुटला तर तो नाशकात शोधत बसा.

वजन 65-70 किलो असेल आणि कॉलेज रोड-गंगापूर रोड एवढंच फिरणं असेल, तर बांधायच्या भानगडीत पडू नका. 36 स्पोकचं तयार चाक आणा आणि ते वापरायच्या आधी काकांकडून कसून घ्या. माझ्या पुढच्या चाकाचे त्यांनी दीडशे रुपये घेतले. माझ्या मते दुकानातलं सगळ्यात फायद्याचं काम हेच.

तक्रारी आहेत. सांगितलेल्या दिवशी चाक मिळत नाही, "उद्या या" दोनदा ऐकावं लागतं. पक्कं बिल नाही. दुपारी 1 ते 4 शटर बंद. डिस्क ब्रेकची चाकं घेतात, पण त्यांचं मन त्यात नाही, हे चेहऱ्यावर दिसतं. जाताना जुना हब घेऊन जा. कोन (छर्रे ज्यावर फिरतात ते भाग) खराब नसतील तर छर्रे आणि ग्रीस बदलून त्यावरच बांधून देतात आणि दोनेक हजार वाचतात.