आभा टोकन आठ महिने वापरून: केस पेपरची रांग गेली, डॉक्टरांच्या दारातली तशीच

वडिलांना शुगर, त्यात पायाची जखम भरत नाही म्हणून ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या सिव्हिलला रेफर केलं, तेव्हापासून आठ महिने आमची फेरी चालू आहे. गावाहून ५८ किलोमीटर, सकाळी सहाची एसटी. दर वेळी आभाचं, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळख नंबरचं, क्यूआर मोबाईलवर स्कॅन करून टोकन घेतलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. पूर्वी नुसत्या केस पेपरला तास-सव्वा तास जायचा, नाव गाव वय पत्ता सगळं खिडकीतून ओरडून सांगायचं. आता भिंतीवरचं क्यूआर स्कॅन केलं की माहिती आपोआप तिकडे जाते, टोकन नंबर येतो, खिडकीवर तो सांगितला की पेपर हातात. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि वडिलांना तेवढा वेळ बाकावर बसता येतं, जखमेच्या पायावर उभं राहावं लागत नाही, माझ्यासाठी हे खूप आहे. पैसेही नाहीत, आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर फुकटच आहे.

त्रास झाला तो आभा काढताना. १४ आकडी नंबर आधारच्या ओटीपीवर काढायला गेलो तर वडिलांच्या आधारला जुनं बंद पडलेलं सिम, मग आधार सेंटरला जाऊन नंबर बदलला, त्यातच आठवडा गेला. तेवढं आधीच बघून ठेवा.

पण टोकन फक्त केस पेपरपुरतं आहे हे मला दोन फेऱ्यांनंतर कळलं. पुढे ओपीडीच्या दारात पेपर टेबलावर ठेवायचे, एकावर एक, आणि आत घेताना वरून उचलायचे. म्हणजे साडेआठला आलेला तळाला आणि अकराला आलेला पहिला! आमचा पेपर नवाच्या आत ठेवलेला, नंबर लागला सव्वाबाराला, तोपर्यंत लॅबमध्ये रक्त घेणं बंद, मग दुसऱ्या दिवशी परत तीच एसटी. मुद्दाम कोणी करत नाही, सिस्टरच्या मागे शंभर कामं असतात, पण लांबून आलेल्या माणसाचा अख्खा दिवस आणि रोजगार जातो हो.

दुसरी गोष्ट रेफरची चिठ्ठी. पहिल्या चिठ्ठीवर फक्त 'पुढील उपचारासाठी' एवढंच. सर्जरीने मेडिसिनला पाठवलं, मेडिसिनने विचारलं शुगर किती होती, कुठल्या गोळ्या चालू आहेत, काहीच लिहिलेलं नाही, सगळं पहिल्यापासून. पुढच्या वेळी मी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना हात जोडून सांगितलं की जखम किती दिवसांची, शेवटची शुगर, चालू औषधं आणि कुठली ओपीडी एवढं लिहून द्या. त्या दिवशी एका फेरीत काम झालं. आणि ज्याचा पाय काळा पडायला लागलाय तो आणि नुसत्या गोळ्या न्यायला आलेला एकाच रांगेत, हे मला पटत नाही, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'तातडीचे' लिहिलं तर दारातच वेगळं काढता येईल.

नुसत्या गोळ्यांसाठी ई-संजीवनी, म्हणजे ऑनलाइन डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी सेवा, वापरून बघा. उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, शुगरचा रिपोर्ट दाखवला, डोस तोच ठेवला, आमची एक फेरी वाचली.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते म्हातारे अजून जुन्याच रांगेत उभे असतात. मी दर वेळी एक-दोघांना त्या खिडकीवर पेपर काढायला मदत करतो, पण तिथे एक माणूस बसवायलाच हवा.

पेपरच्या गठ्ठ्याचं मी अर्ज लिहून आरएमओंकडे (निवासी वैद्यकीय अधिकारी) दिलं, सिस्टरशीही बोललो. मागच्या फेरीला बघितलं तर सिस्टर प्रत्येक पेपरच्या कोपऱ्यात पेनने नंबर टाकत होत्या आणि गठ्ठा उलटा करून आत नेत होत्या. आमचा २३ नंबर होता. साडेदहाला तपासणी झाली, अकराच्या आत रक्त दिलं, दीडच्या एसटीने घरी.