‘सगळे चॅनेल रेकॉर्ड होतात’ म्हणणाऱ्याला आधी इंटरनेट बंद करायला सांगा

नागपुरात सध्या ‘होम थिएटर कॉम्प्युटर’ म्हणून एक मशीन विकलं जातंय. टीव्हीला जोडा, घरात येणारी केबलची वायर मागे खोचा, कुठलाही चॅनेल रेकॉर्ड करा, पाहिजे तेव्हा बघा आणि महिन्याचं रिचार्ज विसरून जा, असं सांगतात. आम्ही ते 46,000 रुपयांना घेतलं. केबलच्या वायरीतून एकही चॅनेल त्या मशीनला दिसत नव्हता, दिसणं शक्यच नव्हतं, आणि विकणाऱ्याला हे विकायच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. हाच माणूस आता सोसायट्यांमध्ये फिरून घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांना डेमो देतोय, असं मला दोन ओळखीच्या घरांतून कळलंय.

माझ्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. दुपारी जातात, संध्याकाळी गळून परत येतात. त्या वेळातलं टीव्हीवरचं सगळं सुटतं. क्रिकेट हा त्यांचा जीव आहे. विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तो 2017-18 चा अंतिम सामना आणि त्यातली रजनीश गुरबानीची हॅटट्रिक ते आजही समोर घडत असल्यासारखी सांगतात. मोबाइलचा पडदा त्यांना नीट दिसत नाही, आणि एका हाताला सुया टोचलेल्या असताना फोन धरून बसणं होत नाही. म्हणून घरी रेकॉर्डिंग हवं होतं. डीटीएच कंपन्यांचे रेकॉर्डिंगवाले सेट-टॉप बॉक्स मला माहीत होते. पण त्यातलं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला बांधलेलं असतं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढून ठेवता येत नाही. बाबांना सामने जपून ठेवायचे होते.

सीताबर्डीच्या बाजूच्या एका दुकानात हे मशीन दाखवलं. मी तिथे साधे, सरळ प्रश्न विचारले होते. रिचार्ज नाही तर चॅनेल उघडतात कसे? त्याने कॅबिनेटचं झाकण काढून आतलं हिरवं कार्ड दाखवलं. ‘‘ताई, हेच तर खरं आहे न. या कार्डातच सगळं डिकोड होऊन जाते. केबलवाल्याले द्या सोडून. काकाजींनी फक्त लाल बटण दाबायचं.’’ इंटरनेट लागेल का, हेही विचारलं. ‘‘फक्त कार्यक्रमांची यादी याले लागते तेवढं. चित्र सगळं वायरीतून येते.’’ पडद्यावर कार्यक्रमांचं वेळापत्रक सुरेख दिसत होतं, त्याने एक मराठी मालिका लावली, दहा मिनिटं रेकॉर्ड केली आणि लगेच मागे नेऊन दाखवली. बाबांना दाखवायचं म्हणून मी तो सगळा डेमो फोनवर चित्रित केला. त्याचा आवाज त्यात स्वच्छ आहे.

घरी आणल्यावर काही आठवडे सगळं ठीक चाललं. डायलिसिसहून आल्यावर बाबा चहा घेत सामना लावायचे. मग एका सामन्याच्या दिवशी सगळे क्रीडा चॅनेल काळे. दुसऱ्या दिवशी मराठी चॅनेलही गेले. फोन केला तर उत्तर आलं, ‘‘सर्व्हर अपग्रेड होऊन राहिला ताई, टेन्शन नका घेऊ.’’ चित्र वायरीतून येत असेल आणि कार्डात उघडत असेल, तर मधे सर्व्हर कुठून आला? हे विचारताच त्याचा सूर बदलला. मग ‘रिन्यूअल’चे 3,500 रुपये मागितले, तेही दुकानाच्या नव्हे तर भलत्याच माणसाच्या नावाच्या यूपीआयवर. तोवर ‘लाइफटाइम’ हा शब्द त्याने निदान दहा वेळा तरी उच्चारला असेल. मी पैसे दिले नाहीत. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

माझा भाचा हिंगण्याकडच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करतो. त्याने मशीन उघडलं, आणि एकेक गोष्ट बाहेर येत गेली. सगळ्यात आधी कार्ड. ‘‘मावशी, हे अ‍ॅनालॉग आहे. यात आता काहीच येऊ शकत नाही.’’ वीसेक वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर केबल बघायला लोक जे टीव्ही ट्यूनर कार्ड घ्यायचे, ते हे. तेव्हा केबलवाला छतावरून जो सिग्नल पाठवायचा, तो थेट टीव्हीत किंवा अशा कार्डात लावला की दिसायचा. पण केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात जी 38 शहरं होती, त्यांत नागपूर होतं, आणि त्याची मुदत 31 मार्च 2013 ला संपली. तेव्हापासून वायरीत येतं ते डिजिटल आणि वर कुलूपबंद. ते कार्ड इतक्या वर्षांपूर्वीच निकामी झालेलं आहे. दुकानदाराने ते केवळ आम्हाला दाखवण्यासाठी आत बसवलं होतं, आणि केबलची वायर मागे खोचली होती तीही दाखवण्यासाठीच. भाच्याने ती वायर उपसून टाकली, मशीनवर काहीही फरक पडला नाही. वायफाय बंद केलं, तर पडदा पूर्ण रिकामा झाला.

मग चॅनेल येत कुठून होते? मशीनवर कोडी होतं. कोडी स्वतः चांगलं, मोफत सॉफ्टवेअर आहे. पूर्वी त्याचं नाव एक्सबीएमसी होतं, 2014 मध्ये ते बदललं. त्यात कुठलाही चॅनेल आयता येत नाही. तुमच्याकडे जे आहे ते ते दाखवतं, एवढंच त्याचं काम. यात दुकानदाराने चोरीच्या प्रक्षेपणाची एक लांबलचक यादी भरून ठेवली होती. कोणीतरी कुठेतरी चॅनेल पकडून इंटरनेटवरून फुकट सोडतो, आणि हे लोक ती लिंक ‘लाइफटाइम’ म्हणून विकतात. पकडले गेले, किंवा कंपनीने तक्रार केली, की लिंक मरते. मोठ्या सामन्याच्या दिवशी तर हमखास, कारण त्याच दिवशी कंपन्या अशा लिंका शोधून बंद करत असतात. म्हणजे आम्हाला विकलेली वस्तू त्या माणसाची नव्हतीच, आणि बाबांच्या खोलीत आम्हाला न सांगता चोरीचा माल चालवला जात होता. पैशांपेक्षा मला याचा जास्त संताप आहे. चाळीस वर्षं सरकारी नोकरी इमानदारीने केलेल्या माणसाच्या घरात हे झालं.

बाकीचं मशीनही तसंच. बाहेर ‘आय-7’चं चकचकीत स्टिकर, आत आय-5 2400, म्हणजे 2011 मध्ये बाजारात आलेला दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर. इंटेलच्या त्या काळच्या चार आकडी क्रमांकात पहिला आकडा पिढी सांगतो. विंडोजमध्ये ‘सिस्टम’ उघडलं की हा क्रमांक समोर दिसतो, त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. ‘फोर-के चालते’ असं सांगितलं होतं, पण या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सला टीव्हीवर फोर-के चित्र देताच येत नाही. आणि आताचे बरेचसे व्हिडिओ ज्या एचइव्हीसी पद्धतीत असतात, ती उलगडायची सोय त्यात नाही, त्यामुळे चित्र अडखळतं आणि पंखा गरगरत राहतो. मे महिन्यात बाबांच्या खोलीत ते मशीन भट्टी झालं होतं, त्याचं कारण तेव्हा कळलं नव्हतं. हार्ड डिस्क ‘नवी, चार टीबी’. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावलं तर ती 31,000 तासांहून जास्त चाललेली निघाली. वर्षाचे तास 8,760 धरा. साडेतीन वर्षं अखंड फिरलेली डिस्क, बहुधा कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या डब्यातली. विंडोजही चोरून चालू केलेलं.

यापेक्षा भयंकर एक गोष्ट आहे. मी दुकानात जाऊन पैसे परत मागितले, त्याच संध्याकाळी बाबांनी हाक मारली, पडद्यावरचा बाण आपोआप हलतोय म्हणून. दुकानदाराने ‘सर्व्हिससाठी’ दूरवरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर आत टाकलं होतं, पासवर्ड त्याच्याकडेच होता. आम्ही वायफाय बंद करेपर्यंत चॅनेलची यादी पुसली गेली होती. भाच्याने आदल्या दिवशी तिचे फोटो काढून ठेवले होते म्हणून वाचलो. याच मशीनवर बाबा पेन्शनचं खातं बघायचे. त्या रात्री बसून सगळे पासवर्ड बदलले.

आता तांत्रिक बाजू जरा नीट सांगते, कारण हे माहीत असलं तर कोणी असं गळ्यात मारू शकणार नाही. खासगी डीटीएच आणि केबल, दोन्हींचे चॅनेल कुलूप लावून येतात, आणि त्यांची किल्ली त्या कंपनीच्या सेट-टॉप बॉक्समध्ये किंवा त्यातल्या कार्डात असते. तुमच्या कॉम्प्युटरसाठी ती किल्ली कोणी वेगळी विकत नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालावा अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या सरकारी नियामकाने, 2020 मध्ये केली होती, पण आजही बॉक्स ज्याचा त्याचाच. मग बॉक्समधून बाहेर पडणारं चित्र पकडावं म्हटलं, तर एचडीएमआयवर एचडीसीपी नावाचं संरक्षण असतं, साधं कॅप्चर कार्ड लावलं की पडदा काळा दिसतो. म्हणून ‘रिचार्जशिवाय सगळे चॅनेल’ हे वाक्य ऐकलं की समजा, एक तर चोरीची लिंक आहे, नाही तर नुसती थाप.

पण घरच्या कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड करणं हे काही भलतं नाही, हेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे आता ते रीतसर चालू आहे. दूरदर्शनचं डीडी फ्री डिश. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सेवा महिन्याची वर्गणी घेत नाही. जीसॅट-15 या उपग्रहावरून, 93.5 अंश पूर्वेवरून ती येते, आणि नागपूरहून त्यासाठी छत्री आग्नेयेकडे लावावी लागते. तिचे एमपीईजी-2 मधले (चित्र दाबून पाठवायची ही जुनी पद्धत) चॅनेल कुलपाविना येतात. त्यामुळे डीव्हीबी-एस2 (म्हणजे उपग्रहाचा डिजिटल सिग्नल घेणारं) असं स्पष्ट लिहिलेलं ट्यूनर कार्ड कॉम्प्युटरमध्ये घातलं, की टीव्हीहेडएंड किंवा नेक्स्टपीव्हीआर या मोफत सॉफ्टवेअरने ते सरळ रेकॉर्ड होतात, वेळ लावून ठेवता येते, आणि फाइल आपलीच राहते. जागाही फार लागत नाही. 4 एमबीपीएसचं चित्र तासाला 1.8 जीबी घेतं, एक टीबीत 500 तासांहून जास्त मावतं. क्रिकेटवाल्यांसाठी आणखी एक. राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने 2007 च्या कायद्याने दूरदर्शनलाही द्यावे लागतात, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर ते प्रक्षेपण खासगी केबल-डीटीएचवर नेता येत नाही. ते दिसतं फ्री डिशवर आणि दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर. बाबांचे भारताचे बरेच सामने आता असेच साठतात, सह्याद्रीही मिळतं. आईची खासगी चॅनेलवरची मालिका मात्र यात येत नाही, ती चॅनेलच्या अधिकृत अ‍ॅपवर बघते. सगळं एकाच पेटीत मिळत नाही. ‘मिळतं’ असं सांगणाऱ्यापासून सावध राहा.

असं मशीन कोणी दाखवत असेल तर त्याच्यासमोरच वायफाय आणि मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करा, इंटरनेटची वायरही काढा, आणि म्हणा, आता पाच मिनिटं रेकॉर्ड करून दाखव. फ्री डिशचं खरं कार्ड असेल तर काही अडणार नाही. आमच्या दुकानदाराचं मशीन या एका परीक्षेत तिथल्या तिथे उघडं पडलं असतं.

बिलावर त्याने फक्त ‘असेंबल्ड कॉम्प्युटर’ एवढंच लिहिलं होतं. टीव्ही नाही, रेकॉर्डिंग नाही, प्रोसेसरचा क्रमांक नाही. हे बिल मुद्दाम असं असतं. तोंडी जे सांगतात ते सगळं बिलावर लिहून मागा, कार्डाचं मॉडेल आणि डिस्कचा सीरियल नंबर यांसकट. आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली. दुकानदाराने दाद दिली नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण जिथे राहतो तिथल्याच आयोगात जाता येतं, दुकान दुसऱ्या गावात असलं तरी. ‘रिन्यूअल’सारखे पैसे कोणी ऑनलाइन भरून बसला असेल, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा. तिथे जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

त्याने वकिलामार्फत उत्तर दिलंय की चोरीचे चॅनेल ग्राहकाने स्वतः टाकले, आम्ही फक्त कॉम्प्युटर विकला. त्यावर आम्ही डेमोचा व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे संदेश आणि यादीचे फोटो जोडलेत. निकाल व्हायचाय. ज्यांनी हेच मशीन घेतलंय त्यांना माझी कळकळीची विनंती, ते रागाने फॉरमॅट करू नका आणि दुरुस्तीसाठी त्याच दुकानात परत देऊ नका. इंटरनेट काढा, पडद्याचे आणि आतल्या कार्डाचे फोटो घ्या, त्याच्याशी झालेलं बोलणं जपून ठेवा, दूरवरून चालवायचं सॉफ्टवेअर फोटो काढल्यावरच काढून टाका, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.